तळहातावरचा धूर

२ नोव्हेंबर

आलो एकदाचे! खोकी अजून दिवाणखान्यात एकमेकांवर चढून बसली आहेत आणि मी त्यांच्याकडे पाठ करून ही रोजनिशी लिहिते आहे. नवऱ्याच्या बदलीचं रडगाणं गाणाऱ्यांतली मी नाही. चष्म्याच्या दुकानात लोकांसाठी काचा घासण्यात इतकी वर्षं गेली, आता जरा स्वतःसाठी घासू. घर साधंच आहे, पण मागचं अंगण! रस्त्याचा एकही दिवा तिथे डोकावत नाही. घर बघायला आलो तेव्हा नवरा नळ सोडून बघत होता, भिंतींची ओल चाचपत होता आणि मी अंगणात मान वर करून उभी होते. भाडं छपराचं देणार आहोत, आभाळाचं नाही, असं तो म्हणाला. त्याला काय कळतंय!

आमची भिंगरी सहा वर्षांची. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं. लंगडी घालत, दमली की भिंतीशी थांबून पाय बदलत, तिने सगळं घर पालथं घातलं आणि मागच्या लांबट खोलीवर हक्क सांगितला. ती खोली मी आधीच हेरून ठेवली होती, त्यामुळे आमचं चांगलंच वाजलं. ही पोरगी घटकाभर एका जागी बसेल तर शपथ.

६ नोव्हेंबर

इथल्या आकाशवेड्यांच्या मंडळातले मास्तर भेटले. निवृत्त शिक्षक, एकदा सुरू झाले की पूर्णविराम नाही. नवशिक्यांनी दुकानातली चकचकीत दुर्बीण आणून हात पोळून घेऊ नयेत, असं त्यांचं मत. आधी दोन डोळ्यांची साधी दुर्बीण घ्यावी, मान अवघडू नये म्हणून आरामखुर्ची, तारकांचा नकाशा आणि तो वाचायला लाल कागद लावलेली बॅटरी. पांढऱ्या उजेडाने डोळ्यांना झालेली अंधाराची सवय मोडते. हे सगळं माझ्याकडे आहे म्हटल्यावर ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, तर दुर्बिणीचा आरसाच स्वतः घडवा. मंडळाच्या कपाटात पडून असलेल्या दोन जाड, गोल काचा त्यांनी माझ्या हवाली केल्या.

अंगणात पिंप उलटं ठेवलं आहे. त्यावर एक काच पक्की बसवायची, तिच्यावर दुसरी ठेवायची, मध्ये पाणी आणि घासायची भुकटी. मागेपुढे घासत पिंपाभोवती फिरत राहायचं. वरची काच खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. एकीला जेवढा खळगा, तेवढाच दुसरीला फुगवटा. भिंगरी माझ्यामागे लंगडी घालत फेऱ्या मारते आणि दर फेरीला विचारते, झाला का. शेजारीण कुंपणावरून बघून गेली. आम्ही दळण दळतोय असं तिला वाटलं असणार.

२४ नोव्हेंबर

खोलगट काचेला झिलई चढली! आज मागच्या खोलीत पहिली ब्लेडची चाचणी. भरदुपारी पडदे ओढून घेतले. आरसा एका टोकाला उभा केला, दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या बारीक छिद्रामागे दिवा आणि शेजारी दाढीचं ब्लेड. आरशावरून परतणारा उजेड ब्लेडच्या धारेने अडवायचा आणि धारेला डोळा लावून बघायचं. सगळा आरसा राखाडी उजळतो आणि नखाएवढासुद्धा नसलेला उंचसखलपणा डोंगरदऱ्यांसारखा दिसतो. मास्तरांनी फोनवर एक गंमत सांगितली होती, ती करून पाहिली. भिंगरीला आरशापुढे हात धरायला लावलं. तिच्या बोटांतून धुराची वेटोळी वर चढत होती! धूर कसला, अंगाची ऊब. गरम हवेने उजेड वाकतो, तो ब्लेडमागून दिसतो.

मग तिला ब्लेडपाशी बसवलं आणि मी हात धरला. माझ्या हाताचा धूर तिच्याइतका दाट नाही, असं तिने जाहीर केलं. खरंच आहे, ही पोरगी म्हणजे पेटती शेगडी. मग तिने दहादा हात धरला आणि मीही दहादा पाहिलं. किती हसलो आम्ही.

२८ नोव्हेंबर

रोज दुपारी हाच खेळ. शाळेतून आली की दप्तर फेकून थेट मागच्या खोलीत. आज तिच्या हाताशेजारी आणखी एक धूर होता. हात एकच, धूर दोन. दुसरा बारीक, तिच्याच उंचीवरून निघणारा. खिडकीच्या फटीत कागद कोंबले, दाराखाली चादर लावली, तरी तो होताच. मास्तर म्हणतात खोलीतली हवा स्थिर व्हायला वेळ लागतो, उतावळेपणा नको. भिंगरी म्हणाली, हात धरला की कुणीतरी समोरून आपला हात त्यावर टेकवतं. गार लागतं म्हणे. मी हसण्यावारी नेलं.

३ डिसेंबर

भिंगरीचा धूर विरळ झालाय. शेजारचा दाट.

आधी ब्लेड बदललं, दिवा बदलला. मग तिचा हात हातात घेऊन पाहिला. गार. डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ताप मोजायच्या नळीत पारा नेहमीपेक्षा जरासा खाली. हिवाळ्यात चालायचंच, मुलगी ठणठणीत आहे, उलट किती शहाण्यासारखी बसली आहे बघा, असं त्या म्हणाल्या. खुर्चीत बसली होती खरी. पाय न हलवता. नवरा खूश आहे, पोरीला अक्कल आली म्हणतो. मला मात्र रडू येतंय आणि कारण सांगितलं तर मीच वेडी ठरेन. ब्लेडमागून धूर दिसतो म्हणून रडते, असं कुणाला सांगू?

खेळ बंद. मागच्या खोलीला कुलूप.

६ डिसेंबर

खेळ बंद करून काही उपयोग नाही. ती गारच होत चालली आहे. कुलूप काढलं आणि नवऱ्याला मिनतवाऱ्या करून ब्लेडपाशी बसवलं. त्याला काही दिसलंच नाही, डोळा नीट लावायलाच जमलं नाही. म्हणाला, डोळ्यांचे खेळ आहेत, झोप जरा.

मास्तरांना बोलावलं. आल्या आल्या चहाची फर्माईश, विनोद, सगळं नेहमीसारखं. मग त्यांनी धारेला डोळा लावला आणि मी भिंगरीला आरशापुढे उभं केलं. मास्तर बोलायचे थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग उठले आणि दिवा मालवला. एवढंच म्हणाले, की पोरीला पुन्हा आरशापुढे उभं करू नका. आणि अशी हवा त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. चहा तसाच राहिला. त्या दोन काचा मंडळात कुठून आल्या होत्या, असं मी दारापर्यंत मागे लागून विचारलं. त्यांना माहीत नाही. खरंच माहीत नसावं. आता फोन उचलत नाहीत.

९ डिसेंबर

पुन्हा पाहिलं. पाहायला नको होतं.

भिंगरीचा हात आरशापुढे. धूर नाही. लाकडाचा हात असावा तसा. काळा, स्वच्छ, पाच बोटं. ती माझ्याकडे बघून हसत होती. आणि शेजारी हात नाही, काही नाही, नुसता धूर — दाट, भरघोस. माझ्या पोरीची सगळी ऊब याने ओढून घेतली. मग तो हलला. आरशापुढून डावीकडे गेला, परत आला. उड्या मारत. पुन्हा गेला, पुन्हा आला. मग एकदम सगळा आरसा त्याने भरून गेला आणि माझ्या गालाला ऊब लागली.

मी किंचाळले. हातोडी घेतली आणि आरसा फोडला. तुकड्यांचेही तुकडे केले. वाटलं होतं, हे इथेच संपेल, माझी पोर सुटेल.

९ डिसेंबर, संध्याकाळ

काचा गोळा करताना लक्षात आलं.

भिंगरी आरशाच्या जागेशी उभी होती. मी उभी केली होती तिथेच. तेव्हापासून तशीच, हात पुढे करून, हसत. एवढ्या वेळात तिने पाय बदलला नाही. दचकली नाही. आरसा फुटला तेव्हासुद्धा नाही.

आणि तो धूर उड्या मारत होता. एका पायावर. लंगडी. दमला की भिंतीशी थांबून दुसरा पाय.

तीच होती. माझ्या गालाला गाल लावायला आली होती. मला सांगायला. आणि मी तिला बघायची एकच वस्तू फोडून टाकली. देवा, मी काय केलं.

१० डिसेंबर

दुकानांत तसली काच नाही. मागवली तरी घासायला कित्येक आठवडे. दुसरी काच फुगीर, तिच्यात काही दिसत नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भिंगरीला — तिला — मांडीवर घेऊन बसला आणि मला बघ म्हणाला, ही काय, इथेच आहे. तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तो शहारला. तरी घट्ट धरून बसला. त्याला कसं समजावू?

घरभर हात पसरून चालते. जिन्याखाली ऊब होती. पलंगाच्या कडेला होती. बोलले तिच्याशी. घाबरू नकोस म्हटलं. घाबरलेली मीच.

१२ डिसेंबर

ऊब कमी होते आहे. कालच्यापेक्षा. ती अंगाबाहेर गारठते आहे. दारं-खिडक्या बंद. शेगड्या लावल्या, तर सगळीच हवा तापली आणि ती कुठे आहे तेच कळेना. विझवल्या.

नवरा डॉक्टरांना आणायला गेलाय. माझ्यासाठी.

ती दुसरी, भिंगरीच्या अंगातली, जेवत नाही असं नाही. जेवते. अभ्यास करते. आई म्हणते. आवाज तोच आहे.

१३ डिसेंबर

सापडली. खुर्चीत बसले होते, मांडीवर ऊन पडल्यासारखं — ऊन नाहीच आज. एवढीशी जागा, माझ्या पोटाशी. डावा हात तिच्याभोवती. उजव्याने लिहिते. हलत नाही मी. हलले तर —

थरथरते आहे ग बाई माझी. आता सोडणार नाही. कुणी काही म्हणो.

दार उघडलं. दुसरी. तिथूनच विचारते आहे, आई, मांडीवर घे ना. थंडी वाजते म्हणते. खरंच वाजत असेल — ओठ निळे — डोळे माझ्या भिंगरीचे —

नाही म्हटलं. मान हलवली. येतेच आहे. पावलं हळू. दोन्ही पाय. मांडीवरची ऊब मला घट्ट बिलगली, कानाशी —

हात पुढे केलेत तिने. माझ्याकडे नाही, उबेकडे. मांडीवर. इथे जागा नाही ग, इथे माझी —