फाडलेला अर्ज

चि. धाकट्या, तुम्हा दोघांना ताईचा आशीर्वाद.

तुझ्या लेकीला आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातून काढून कॉमर्सला घाल म्हणून तू मला इथे पाठवलंस. मी आधी तिच्या वर्गात मागे जाऊन बसले.

पोरं एकेक देश होऊन नदीच्या पाण्यावर भांडत होती. आपल्या पोरीच्या वाट्याला खालच्या अंगाचा चिमुकला देश आला होता. वरच्या देशाचा दांडगा पोरगा म्हणाला, "धरण आमचं, पाणी आमचं." ही म्हणाली, "असू दे. पण तुझा माल माझ्याच बंदरातून जातो ना? मग बस खाली, बोलू." बसला की मुकाट!

तुझ्या सहीचा कॉमर्सचा अर्ज मी फाडला. पोर जरा वाळलीये, पण जेवते. तुझी गोळी चालू आहे ना?

तिला फोन कर. ती आपणहून करायची नाही, तुझीच लेक आहे.

तुझी ताई