खुंटीवरचा कंबरपट्टा

चामराजपेट, बेंगळूर
वैशाख वद्य प्रतिपदा, १९६१

तीर्थरूप श्रीधरमामांच्या पायांशी प्राणेशचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच. खऱ्या साष्टांग नमस्काराची सध्या आमच्या घराने धास्ती घेतली आहे, का ते पुढे येईल.) हुबळीस आपण, तुंगामामी आणि चि. क्षमा खुशाल असाल. आपला दमा कसा आहे? इकडे सगळे ठीक. ठीक म्हणजे कसे, तेच सांगायला बसलो आहे.

मी मद्रासेहून दोन दिवसांसाठी आलो, त्याला दीड महिना झाला. (गाडीत एका गृहस्थाने के. आर. पुरमलाच बेंगळूर आले म्हणून मला उतरवले आणि माझ्या जागेवर आडवा झाला. तिथून चालत आलो. मद्रासेत छापखान्यात होतो, तो का सोडला हा विषय वेगळा.) घरी पोचलो तेव्हा आपले भावोजी, म्हणजे आमचे अण्णा, उंबऱ्याशी ठेवलेला तांब्या उचलत होते. उचलून झाल्यावर ते सरळ झालेच नाहीत. एक हात गुडघ्यावर, मग मांडीवर, मग आणखी वर, अशी आपल्याच अंगाची शिडी करून चढत वर आले आणि म्हणाले, "आलास? जेवलास?" मला वाटले, वय झाले. बावन्न म्हणजे काही वय नव्हे, हे नंतर सुचले.

आपल्याला ठाऊकच आहे, तीस वर्षे अण्णा मठाच्या चुलीशी आहेत. रोज शंभर पाने, द्वादशीला तीनशे. भाताचा हंडा स्वतःच उतरवतात, दुसऱ्याचा भरवसा नाही. कंबर दोन वर्षे दुखते आहे. पहिल्या डॉक्टरांनी त्यांना निजवून एक्स-रे काढला, मणके सगळे मोत्यांसारखे ओळीत निघाले, आणि निदान झाले की हाडात काही नाही, दुखणे मनाचे आहे. अण्णांनी त्यावर दोन वर्षे मन घट्ट केले.

मी त्यांना मोठ्या इस्पितळात नेले. तिथले विद्याधर डॉक्टर माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे असतील. (शाळा पुरी केली की माणूस तसा होतो बहुधा.) त्यांनी पुढे वाकायला सांगितले. अण्णा वाकेनात. वाकणे म्हणजे नमस्कार, आणि समोर दक्षिण, यमाची दिशा. खोलीत दुसरीकडे तोंड करायला जागा नव्हती, तेव्हा मी आणि डॉक्टरांनी मिळून टेबल फिरवले. मग वाकले, आणि वर येताना तीच मांडीवरची शिडी. डॉक्टरांनी ते तीनदा करायला लावले. मग पालथे निजवून एकेक मणका अंगठ्याने दाबत गेले, आणि कमरेशी एके ठिकाणी माझे बोट नेऊन ठेवले. तिथे पायरी होती, मामा. देवळाला असते तशी, फक्त लहान. अण्णा कण्हले नाहीत (परक्यापुढे कण्हायचे नाही हा नेम), पण पुटपुटत होते ते विष्णुसहस्रनाम मध्येच तुटले.

नंतर दोन एक्स-रे काढले, एक मागे वाकवून, एक पुढे वाकवून. डॉक्टरांनी ते खिडकीच्या उजेडात धरले. मागे वाकल्यावर सगळे जागच्या जागी. पुढे वाकल्यावर एक मणका खालच्यावरून अर्धे बोट पुढे सरकलेला. निजलेल्या माणसाचा मणका कशाला हलेल, डॉक्टर म्हणाले, झोपलेला चोर साधूच दिसतो. मग मला व्हरांड्यात नेऊन सांगितले की यापुढे वजन उचलायचे नाही, उचलले तर एक दिवस पाय जातील. ऑपरेशन करून मणके जोडता येतात, पण सहा महिने प्लास्टर. हे मी आत येऊन सांगितल्यावर अण्णांनी एकच विचारले, "आंघोळ?" डॉक्टर नाही म्हणाले. "मग सहा महिने संध्या नाही. चल प्राणेश."

राहिला पट्टा. चामड्याचा, आत पोलादी पात्या, चिकपेटेतल्या एका कारागिराने करून दिला. तो बांधला की अण्णा दिवाणासारखे ताठ. पण सोवळ्यात चामडे चालत नाही. म्हणून मठात आंघोळ झाली की पट्टा खुंटीवर आणि अण्णा आत हंड्याशी. नुसते बसायचे असते तेव्हा पट्टा कमरेला, उचलायचे असते तेव्हा खुंटीला. मी भांडलो. म्हणाले, "तुला एका गावात राहता येत नाही, तू मला नेम शिकवतोस?"

गेल्या द्वादशीला एकादशीची उपाशी तीनशे माणसे बाहेर पानावर बसलेली, आणि अण्णा हंड्यावर वाकले ते वाकलेलेच राहिले. मी दारात, पारोसा. धावलो तर म्हणाले, "शिवू नको. स्वयंपाक बाटेल." विहिरीवर गेलो, दोन घागरी डोक्यावर ओतल्या, ओलेत्याने परत आलो. तोवर ते तसेच, चुलीची धग तोंडावर घेत. मी कमरेला हात घातला तर म्हणाले, "सरी, बरं, आधी भात उतरव." उतरवला. (तळाचा लागला होता. पंक्तीत कोणी बोलले नाही.) मग त्यांना उतरवले. तेव्हापासून डावे पाऊल फरफटते.

पण आपण काळजी करू नये, येण्याची तसदीही घेऊ नये. इकडे काही कमी नाही. मी सोमवारच्या गाडीने विजयवाड्यास निघतो आहे, तिथे एका सर्कशीत तंबू उभारायचे काम आहे. मामींना नमस्कार, क्षमाला आशीर्वाद.

आपला भाचा,
प्राणेश

ता. क. : आईचा लग्नातला शालू ती गेल्यापासून तुंगामामींच्या पेटीत आहे, आणि क्षमासाठी ठेवला आहे हेही ठाऊक आहे. तो पाठवावा. मठाच्या जयतीर्थाचार्यांना विचारले, रेशीम सोवळ्यात चालते, बांबूही चालतो. रेशमाच्या आठ पदरांत बांबूच्या कामट्या शिवून पट्टा करायचा. डॉक्टरांना सांगितले तर हसले नाहीत. म्हणाले, खुंटीवरच्या पोलादापेक्षा अंगावरचा बांबू बरा. अण्णा येत्या द्वादशीला पुन्हा चुलीशी जाणार, ते ऐकत नाहीत. शालू कोणाचा हे त्यांना कळू देऊ नये. तिच्या शालूला कात्री लावू देण्यापेक्षा ते पाय देतील.

आणखी ता. क. : सर्कशीचे रहित केले. चार दिवस हंडा मी उतरवतो आहे. अण्णा उंबऱ्याबाहेर पट्टा बांधून बसतात आणि माझ्या चुका सांगतात. आज सकाळी तांब्या उचलून वर येताना माझा हात आपसूक मांडीवर गेला. अण्णांनी पाहिले आणि तोंड फिरवले. शालू नऊवारी आहे ना? मग दोन पट्टे निघतील.