आणखी थोडं चढव

विनिपेग, ९ मार्च

प्रिय हेली,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणून आधी तुझे आभार. चौदा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझ्या भावाच्या, टिमोच्या, दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी तुला न सांगता गाव सोडलं, आणि आपलं लग्न ठरलेलं असताना मी असा का गेलो याचं उत्तर तू कुणाकुणाला काय दिलं असशील, ते मला माहीत नाही. मी इथे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुकान लहान आहे, खिडकीतून नदीचा गोठलेला पट्टा दिसतो. एकटाच राहतो. दुकान बंद करताना प्रत्येक प्लग हाताने काढतो, कुलूप लावतो, आणि बहुतेक दिवशी परत उघडून पुन्हा बघतो.

गेल्या महिन्यात डोरीन नावाच्या बाई एक जुना कॉम्प्युटर घेऊन आल्या. वय चौऱ्याहत्तर. नवरा उत्तरेकडच्या सरोवरांवर उतरणारं छोटं विमान चालवायचा. तो गेल्यापासून या कॉम्प्युटरवर विमान चालवण्याचा खेळ खेळतात, त्याच्याच वाटांनी. पण पाण्यावर आलं की चित्र अडखळायचं. नवा कॉम्प्युटर घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, त्यांनी बसवून दिलेला आहे, हाच राहू दे, याच्यातूनच थोडा वेग काढून दे. ग्राफिक्स कार्डाचा वेग ठरवून दिलेल्यापेक्षा वाढवायचा, हे काम मी इतकी वर्षं कुणालाही करून दिलं नव्हतं. येणाऱ्याला सरळ सांगायचो, मला येत नाही. त्यांना नकार का देता आला नाही, कोण जाणे. पण एका अटीवर कबूल झालो: माझ्याच पद्धतीने, आणि सावकाश.

पहिला दिवस नुसता साफसफाईत गेला. पंख्यात मांजराच्या केसांची गादी झाली होती. कार्डावरचा उष्णता ओढून घेणारा लेप वाळला होता, तो खरवडून नवा लावला. पॉवर सप्लाय दहा वर्षांचा होता, तो काढून नवा बसवला, आणि त्याची प्रत्येक वायर टोकापर्यंत बोटांनी चाचपली. मग पंधरा-पंधरा मेगाहर्ट्झने वेग वाढवायचा, वीस मिनिटं कार्ड पूर्ण ताणावर चालवायचं, तापमान कागदावर लिहायचं, पुन्हा पंधरा. व्होल्टेजला हात लावायचा नाही. दरवेळी पंखा जोरात फिरू लागला की माझ्या मानेमागे कुणीतरी वाकून पडद्याकडे बघतंय असं वाटायचं, आणि तापलेल्या धुळीचा वास यायचा. धूळ तर मीच पुसून काढली होती.

तुला आमचे ते शनिवार आठवत असतील. तुमच्या तळघरात टिमो आणि मी, दोघंही धान्याच्या कोठारावर आठवडाभर राबून आलेले, आणि तुझी आई वरून पुल्लाची, त्या वेलचीच्या गोड पावाची, थाळी धाडायची. इंटरनेटवर एक यादी होती, कुणाचं कार्ड किती पळतं त्याची. जुन्या कार्डांत आमचं दुसरं होतं, पहिलं यायला चाळीस गुण कमी. तू हसायचीस, चाळीस गुण मिळाले की काय करणार, भिंतीवर टांगणार का, म्हणून. त्या कार्डाला विजेच्या दोन जोडण्या लागायच्या आणि आमच्या स्वस्तातल्या पॉवर सप्लायला एकच होती. दुसरी मी बनवली. दोन वायरी पिळून एकत्र केल्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. टिमोने विचारलं होतं, चालेल ना रे? मी म्हटलं, चालेल. इतकं नीट आठवतं, की म्हणताना मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

डोरीनबाईंचं कार्ड नव्वद मेगाहर्ट्झने वर चढलं आणि पडद्यावर, पाण्याच्या जागी, बारीक रंगीत ठिपके चमकले. मी लगेच तीस खाली आणलं. विमान आता पाण्यावरून सरळ जात होतं. त्या खूश होऊन म्हणाल्या, "इतकं जमलंय, तर आणखी थोडं चढवून बघू या की."

मी "नाही" म्हटलं. कसं म्हटलं ते मला कळलं नाही, पण त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग विचारलं, "कोण गेलं तुझं?"

हेली, मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रविवारी टिमो घरी एकटा होता. तू आणि आई चर्चला गेला होता. अकराच्या सुमाराला त्याने मला फोन केला. म्हणाला, कार्ड छान पळतंय, फक्त बारा गुण उरलेत, पण तू जोडलेली वायर हाताला गरम लागतेय. मी नाश्ता करत होतो. म्हटलं, "गरम होणारच ती. व्होल्टेज आणखी थोडं चढव." बाराला तुमच्या शेजाऱ्यांनी धूर बघितला. डोरीनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. समजूत घातली नाही. म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग, बाबा? ज्यांचा तो होता त्यांना सांग."

तरीही मी लिहिलं नसतं. पण मागच्या ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, तुझी मावसबहीण राउनी इथे भेटली होती. तिच्याकडून कळलं की आई आता वृद्धाश्रमात असते, की उठून सगळ्यांच्या खोल्यांतले प्लग काढत फिरते, की रोज नर्सला सांगते, पोराला थंडी वाजू नये म्हणून हीटर मीच लावून गेले होते. अधिकाऱ्यांच्या अहवालातही आग हीटरमुळेच लागली असं आलं, कारण तळघराच्या त्या कोपऱ्यात ओळखू येईल असं तेवढंच उरलं होतं. दफनविधीनंतर माझ्या कपात कॉफी ओतताना ती हेच बोलली होती. आणि मी साखर मागितली. हेली, त्या फोनवर टिमो आणखी एक गोष्ट बोलला होता. म्हणाला, कार्डाने खोली इतकी तापलीय की आईचा हीटर मी बंद करून प्लगही काढून टाकलाय, तिला सांगू नकोस, वाईट वाटेल तिला. हे ऐकणारा मी एकटाच होतो, आणि चौदा वर्षं मी ते गिळून बसलो. सोबत हेच सगळं सही करून वेगळ्या कागदावर लिहिलंय, तो अग्निशमन कार्यालयात दे, पोलिसांना दे, तुला वाटेल तिथे दे. माझं काय करायचं ते मग ठरव. पण आधी आईकडे जा. तिला अजून समजतं तोवर जा, आणि तिला सांग की हीटर बंद होता.

ज्याने कधीच तुझा म्हणवून घ्यायला नको होतं, तो तुझाच,
मायरन