मधल्या भिंतीचा वाटा

मी, मनकर्णाबाई भ्रतार शेषराव सपकाळ, वय अदमासे पासष्ट, धंदा भिंतीवर फुले काढणे, राहणार देऊळघाट, तालुका व जिल्हा बुलडाणा, हे मृत्युपत्र सांगून लिहवते. अर्जनविसाने धंद्याच्या जागी 'घरकाम' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. घरकाम तर सगळ्याच करतात. माझे डोके ठिकाणावर आहे आणि कोणी दाब दिलेला नाही. मले दाब देणारा अजून जन्माले यायचा आहे.

मला गुलाबराव व सहदेव असे दोन मुलगे. वावर दोघांना निम्मे निम्मे. पितळी भांडी सुनांनी न भांडता वाटून घ्यावी. भांडल्या तर सगळी देवळात द्यावी. जाऊबाई गोजरबाईने जन्मभर माझ्या फुलांना 'रिकामे धंदे' म्हटले, म्हणून तिला काही नाही. साक्षीला मात्र तिलाच बसवली आहे, म्हणजे हे सगळे तिला ऐकावे लागेल.

आता घराचे. घर मातीचे, मालकांनी माझ्या नावावर केलेले. मधे जाड भिंत आहे. दर अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती शेणामातीने सारवायची आणि वर नवी फुले काढायची, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून करते. गेरू, चुना, नीळ, पळसाचे पाणी, आणि कुंचला म्हणजे चावलेली बाभळीची काडी. घरात लेकरू झाले की त्याच्या जन्माच्या वेळी वावरात जे फुललेले असेल, तेच फूल त्या वर्षी काढायचे. गुलाबचे पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, सहदेवचे जवसाचे. पऱ्हाटीचे फूल उमलते तेव्हा पिवळसर असते आणि मिटता मिटता गुलाबी होते. त्यातला खरा रंग कोणता, हे मला आजवर उमगले नाही. त्या फुलापुढे बसले की हात जोडावेसे वाटतात.

औंदा पोळ्याच्या सुमारास भिंतीचा मोठा पोपडा पडला. धाकटी सून सिंधू ओरडली, "आत्याबाई, या बरं इकडं! भितीच्या आत फुलं हायेत!"

जाऊन पाहते तर पोळीला पदर सुटावे तसे थरावर थर, आणि प्रत्येक थराला रंग. अगदी तळाशी करडईचे केशरी फूल. ते चांगुणाचे, माझ्या पहिल्या लेकीचे. चालायला लागली आणि गोवराने गेली, गुलाबच्याही आधी. पुढच्या अखजीला मीच त्या फुलावर माती फिरवली होती. मला वाटले होते, गेले. ते आत तसेच होते, रंगही उतरला नव्हता. एवढी वर्षे आम्ही त्याला पाठ टेकून जेवलो! हे मी काढले, यावर माझाच विश्वास बसेना.

सहदेवने त्या फुलावर तळवा ठेवला. "आई, मले बहीन होती अन् तू सांगतलं नाही काऊन?"

"सांगून तू काय केलं असतं रे बाप्पा?"

तो खूप रडला. आणि दुसऱ्याच दिवशी गवंडी घेऊन आला. म्हणे, "भित हातभर जाड हाये, पाडून विटाची घातली त खोली रुंद होते." माझेच लेकरू, काय बोलावे!

म्हणून लिहवते की, पूर्वेकडचे घर गुलाबरावला, पश्चिमेकडचे सहदेवला. मधली भिंत, तिच्या सगळ्या जाडीसकट, दोघांनाही नाही. ती मी चांगुणाला देते.

अर्जनवीस म्हणतात, मयताच्या नावे मिळकत लिहिता येत नाही, कोर्टात टिकणार नाही. नाही टिकली तर नाही. गुलाब, सहदेव, तुमच्या बहिणीले या घरात आजपर्यंत काहीच भेटलं नाही. हा तिचा वाटा आहे. पाहिजे असंल त तिले मागा.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा : मनकर्णाबाई शेषराव सपकाळ

साक्षीदार :
हिंमतराव कारभारी शेळके (सही)
गोजरबाई निवृत्ती सपकाळ (अंगठा)

स्थळ : देऊळघाट
दिनांक : १२ ऑक्टोबर १९६४