आतलं पाकीट

४ फेब्रुवारी

ती. अक्का हिस,
चिंगीचा शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याचे टाके निघाले का, आणि निघाले असतील तर तू जिना चढायला लागलीस का, हे भावजींनी चार ओळींत कळवायला हरकत नव्हती. शब्दकोडं सोडवायला त्यांना वेळ मिळतो. शस्त्रक्रियेनंतर पडून राहायचं नसतं, हे तू नोकरीत असताना शेकडो लोकांना सांगितलंस. आता स्वतःला सांग.

बातमी अशी की परिचारिका संघटनेच्या अध्यक्षपदासाठी मी अर्ज भरला आहे. हसू नकोस. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना हे लचांड कशाला, असं जो तो विचारतो. विचारणाऱ्याला मी आमच्या वॉर्डाच्या दारात उभं करते. बेचाळीस खाटा आणि सकाळपाळीला आम्ही दोघी, त्यातली एक सतत औषधं आणायला गेलेली. दरवर्षी आमचे अध्यक्ष वर जाऊन निवेदन देतात, चहा पितात आणि परत येतात. पत्रकात मी हे खाटांचं गणित छापलं आहे. खाली एकच ओळ ठळक अक्षरांत टाकली आहे: औषधांच्या कपाटाची किल्ली बावीस वर्षं माझ्या कमरेला आहे आणि त्यातली एक गोळी इकडची तिकडे झालेली नाही.

समोर खारूताई उभी आहे. तुला आठवत असेल, आमच्या वॉर्डात विद्यार्थिनी असताना दिवसभर जिने चढायची-उतरायची म्हणून हे नाव पडलं होतं. आता संघटनेची सहचिटणीस आहे. पोरी तिच्यावर जीव टाकतात. मला त्या पाठीमागे फौजदार म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

तू आजन्म सभासद, तेव्हा मतपत्रिका घरी येईल. पाकिटं दोन असतात. आतल्यावर फक्त संघटनेचा शिक्का, त्यात मतपत्रिका घालून चिकटवायची. ते बाहेरच्या पाकिटात, आणि त्यावर तुझी सही व सभासद क्रमांक. पंचवीस तारखेच्या आत कार्यालयात पोचलं पाहिजे. मत कोणाला द्यायचं ते मी सांगत नाही. तू शहाणी आहेस.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो निवडणुकीपुरता थोडा वाढवावा.

तुझी,
चिंगी


११ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

अध्यक्षीणबाई, टाके निघाले. जिना चढते, उतरताना मात्र बोंब आहे. तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवल्यामुळे तुझे भावजी कोडं बाजूला ठेवून रुसून बसले आहेत.

तुझी खारूताई येऊन गेली. मत मागायला आली असणार म्हणून मी तोंड आवळून बसले, तर तिनं निवडणुकीचं नावही काढलं नाही. पलंग ओढून भिंतीला लावला, म्हणजे उठताना हाताला आधार. मग जिन्यावर नेऊन, चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी, असं माझ्याकडून दहा वेळा करून घेतलं. हेच मी जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, पण स्वतःच्या गुडघ्यापुढे शिक्षण कुठं चालतं? तू महिन्याभरात एकदा आलीस. माझे कागद वाचलेस, औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्यास, पंख्यावरच्या धुळीबद्दल भावजींना बोललीस आणि घड्याळ बघून निघालीस.

तेव्हा मताचं बघू. रक्ताच्या नात्याला द्यावं की गुडघ्याच्या, विचार चालू आहे.

जेवणाची वेळ चुकवू नकोस. आशीर्वाद मात्र निवडणुकीवर अवलंबून नाहीत.

तुझी,
अक्का


२० फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

सोबत माझं मतपत्रिकेचं पाकीट आहे. इथून टपाल वेळेत पोचेल याची खात्री नाही, तुझ्याकडे येणारी पत्रं मात्र कशी कोण जाणे तिसऱ्या दिवशी पोचतात. टपालवालाही तुला घाबरत असावा. तेवढं कार्यालयातल्या पेटीत टाक. आतलं पाकीट मी नीट चिकटवलं आहे.

घाईत आहे, व्यायामाची वेळ झाली. सुखी राहा.

अक्का


१ मार्च

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

मी निवडून आले, अकरा मतांनी. पदग्रहण एकतीस तारखेला आहे.

पाकिटाची काळजी करू नये. इकडे कामाची गर्दी आहे, म्हणून पत्र आटोपतं घेते. गुडघा शेकत जा.

भावजींना नमस्कार.

चिंगी


९ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

निवडून आलीस आणि सात ओळींचं पत्र? नातवाचा दात पडला तरी आपल्या घरात याहून लांब पत्र लिहितात. तरी आम्ही दोघांनी आनंद केला. भावजींनी शेजारी तीन घरं हिंडून सांगितलं.

पण आता ऐक. मतदान केलेल्या सभासदांची यादी परवा टपालानं आली. मी दोनदा पाहिली, मग भावजींनी भिंग घेऊन पाहिली. माझा क्रमांक त्यात नाही! म्हणजे तू पेटीत टाकलेलं माझं पाकीट मोजणीपर्यंत पोचलंच नाही. ते कुठं गेलं असेल हे सांगायला पंचांग नको. कार्यालयात रोज ऊठबस कोणाची? सहचिटणीसबाईंची. माझी सही सगळ्या संघटनेला ओळखू येते आणि मी तुझी बहीण आहे हेही. पलंग सरकवायला आली होती की माझं मत सरकवायला, असं आता मला वाटतं.

शिवाय बंद पाकीट फोडायची तिची खोड जुनी आहे. शिकत असताना एका रुग्णाचा मोहोरबंद अहवाल उघडला म्हणून तूच नव्हतं का तिला वॉर्डातून काढलंस आणि तिच्या नोंदवहीत शेरा मारलास? मी हे सगळं निवडणूक अधिकारी बाईंना लिहिलं आणि कालच टपालात टाकलं. तू जिंकलीस, तेव्हा तुला बोलणं शोभणार नाही. मला शोभतं.

रागाच्या भरात अक्षर बिघडलं आहे, सांभाळून घे.

तुझी,
अक्का


१४ मार्च

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. भावजींना मोठ्यानं वाचून दाखवायचं की नाही, ते नंतर ठरव.

तुझं पाकीट मी पेटीत टाकलं नाही. मी ते फोडलं.

ते तेवीस तारखेला दुपारी वॉर्डात मिळालं. मी चादरींच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि गठ्ठ्यावर बसले. रक्ताचं की गुडघ्याचं, हे तुझं वाक्य दहा-बारा दिवस डोक्यात घोळत होतं. पोरी मला मत देणार नाहीत हे मी धरूनच चालले होते, पण तू दिलं नाहीस तर कसं होईल, हे मला सहन होईना. खिशात पट्ट्या कापायची कात्री होती. आधी बाहेरचं पाकीट कापलं, मग आतलं. सरळ कापलं.

फुली माझ्या नावासमोर होती. तापाचे तक्ते आखायचीस तशी, पट्टी लावून काढलेली.

तेव्हाच कार्यालयात गेले असते तर तुला दुसरी मतपत्रिका मिळाली असती. दोन दिवस हातात होते. पण पाकीट कोणी कापलं हे सांगावं लागलं असतं. मी ते तुकडे औषधांच्या कपाटात मागच्या बाजूला ठेवले आणि कुलूप लावलं. पत्रकात ज्या कपाटाचा टेंभा मिरवला, त्यातच. रोज चार वेळा ते उघडते आणि रोज चार वेळा ते पाकीट मला दिसतं. तुला मात्र काळजी करू नये असं लिहिलं. ते खोटं नव्हतं असं मी स्वतःला आठवडाभर समजावलं. खोटंच होतं.

आता याहून वाईट सांगते. तुझी तक्रार परवा पोचली. काल निवडणूक अधिकारी बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. या बाई रक्तपेढीतून निवृत्त झालेल्या, लेबल वाचल्याशिवाय पाण्याची बाटलीही उचलत नाहीत. समितीच्या पाचजणी होत्या. तुझं पत्र वाचलं गेलं. जुन्या अहवालाचा परिच्छेद आला तेव्हा खारूताईची मान खाली गेली. तिनं एवढंच सांगितलं की तिनं कोणाच्या पाकिटाला हात लावलेला नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला ओळखते, चार शब्द तिच्या बाजूनं बोलेन, असं तिला वाटलं असावं. मी टेबलावरच्या पेल्याकडे बघत बसले. पाऊण तास मी पेला बघितला, अक्का. विषय पुढच्या बैठकीवर गेला, आणि बाहेर पडताना कुणीतरी माझ्याच कानाशी लागून म्हणालं की जात्याच खोड असते एकेकीला.

ज्या गोष्टीसाठी मी एका एकोणीस वर्षांच्या मुलीला वॉर्डाबाहेर काढलं, तीच मी छप्पनाव्या वर्षी केली आणि वर तिच्यावर ढकलू दिली. मला शेण खाल्ल्यासारखं झालं आहे. आपल्या आईनं लिहायला-वाचायला शिकवलं ते यासाठी नव्हे.

हे पत्र टपालात टाकून मी थेट कार्यालयात जाणार आहे. कापलेली पाकिटं पिशवीत घेतली आहेत. आधी कार्यालयात जाऊन मग पत्र टाकायचं ठरवलं असतं, तर तिथलं उरकल्यावर तुला सांगायची टाळाटाळ केली असती. स्वतःला आता एवढी ओळखते. राजीनामा लिहून झाला आहे.

उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर मी समजून घेईन.

चिंगी


२० मार्च

चि. चिंगीस,
आ.

पत्र दोनदा वाचलं. भावजींना दाखवलं नाही. त्यांनी तीन घरं हिंडून सांगितलेलं परत घ्यायला जावं लागेल, तेव्हा सांगेन.

मी रागावले आहे. आशीर्वादाचं एकच अक्षर लिहिलं आहे, बाकीची मागाहून. मत तुला दिलं ते बहीण म्हणून नव्हे. बेचाळीस खाटांना दोघी, हे तू सोडून कोणी छापलं नव्हतं, म्हणून दिलं. थट्टा केली ती बहीण म्हणून. लहानपणापासून तुला थट्टा कळत नाही, हे मी विसरले, तेवढी माझी चूक.

दुसरी चूक तुझ्याइतकीच मोठी आहे. जी मुलगी मला जिना उतरायला शिकवून गेली, तिच्यावर मी दोन पानं चिखल फेकला, तोही अनुस्वार तपासून. तू एक पाकीट फोडलंस. मी तिची अब्रू टपालात टाकली. निवडणूक अधिकारी बाईंना तक्रार मागे घेतल्याचं लिहिलं, पण तेवढ्यानं भागत नाही.

सोबत तिच्या नावाचं पाकीट आहे. नीट चिकटवलं आहे. टपालानं पाठवता आलं असतं. पण तूच नेऊन तिच्या हातात दे.

अक्का


२५ मार्च

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट दिलं.

तिच्या रुग्णालयात गेले. ती विभागाबाहेर काचेपाशी उभी राहून मुलींना कामं वाटत होती. मुलींनी मला ओळखलं आणि बोलायच्या थांबल्या. चौदा तारखेला मी कार्यालयात जे सांगितलं, ते एव्हाना सगळीकडे पोचलं आहे. जिन्यात दोघी माझ्याकडे बघून बाजूला सरकल्या. मी त्यांच्याकडे बघून नमस्कार केला. सवय करायला हवी.

तिनं मला खुर्ची दिली. मी उभीच राहिले आणि जे सांगायचं ते सांगितलं. मग, इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं, की त्या वेळी तिनं तो अहवाल का उघडला होता. ती म्हणाली, त्या बाईंना वाचता येत नव्हतं. आत काय लिहिलंय या धास्तीनं त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. त्यांनीच पाकीट तिच्या हातात देऊन फोडायला लावलं. मी विचारलं की हे तेव्हाच का नाही सांगितलंस. त्यावर ती म्हणाली की सिस्टर, तुम्ही विचारलं नव्हतंत. रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ती आठवून सांगत होती. तिच्या नोंदवहीतल्या शेऱ्याखाली खरं काय ते मी आज लिहून, सही करून आले.

माझा राजीनामा मंजूर झाला, एकतीस तारखेला अध्यक्षपद ती घेईल. ती मला माफ केलं असं म्हणाली नाही. खाटांचं टिपण सोमवारपर्यंत स्वच्छ अक्षरात हवं, असं मात्र म्हणाली. ते मी करते आहे. कपाटाची किल्ली मी दुसऱ्या सिस्टरकडे दिली. कमरेला हात गेला की अजून चुकल्यासारखं होतं.

तुझं पत्र तीन दिवस माझ्याकडे होतं. घरी टेबलावर उघड्यावर ठेवलं होतं, कात्री वॉर्डात ठेवून येत होते. तिनं ते माझ्यासमोर उघडलं, उभ्यानं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि खिशावर हात तसाच ठेवून मला जिन्यापर्यंत सोडायला आली. त्यात काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही.

भावजींना नमस्कार. लोभ वाढवावा असं लिहायला हात धजत नाही. उरला असेल तेवढा राहू द्यावा.

तुझी,
चिंगी