सातव्या खांबावरची पाचर

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. खोली कोरडी आहे आणि घरमालकीण रविवारी पुडिंग दोनदा वाढते. आईचा खोकला कसा आहे?

आम्ही दुरुस्त करतोय तो इथला टाऊन हॉल तुम्ही बघायलाच हवा. खाली ओकच्या बारा खांबांमध्ये लोण्या-अंड्यांचा बाजार भरतो आणि त्याच खांबांवर वरचं अख्खं सभागृह चारशे वर्षं तोललेलं आहे. मान वर केली की मी सांधे मोजतच राहतो.

मंगळवारी मात्र मी घोळ घातला. चौथ्या खांबाचा कुजलेला तिरका टेकू बदलायचा होता. नवा टेकू उजवीकडचा हवा होता, मी डावीकडच्या बाजूचा कापून ठेवला. एवढं चांगलं लाकूड! मी सामान बांधायलाच घेतलं होतं.

मुकादम गार्साइड म्हणाला, "तोंड काय पाडतोस? शिडी चढ."

सातव्या खांबाच्या टेकूवर जुन्या सुताराने पटाशीने सातचा आकडा कोरला होता, शेजारी डाव्या बाजूची खूण. आणि टेकू बसवला होता उजवीकडे! राहिलेली फट पाचर ठोकून बुजवलेली.

"या चुकीच्या डोक्यावर बसून चारशे वर्षं न्यायनिवाडा चाललाय," गार्साइड हसला.

मी पाचर हलवून पाहिली. जराही हलली नाही.

बाबा, तुमच्या हातून तो एक काप चुकल्यापासून तुमची हत्यारं माळ्यावरच आहेत ना? माझा टेकूही आम्ही तसाच बसवणार आहोत, त्यालाही पाचर लागणार आहे. ती मी अजून कापलेली नाही. शनिवारी सव्वादहाची बस आहे. पटाशी घेऊन या.

शिडी धरून उभा असलेला,
तुमचा विल्फ्रेड