घराण्याचं मूळ आणि शेजारची दाढ

४ जानेवारी

काकांनी मला अडकवलं! एप्रिलमध्ये घराण्याचा मेळावा, स्टेजवर सोनेरी अक्षरांतला वंशवृक्ष — आणि तो तयार करणार मी. का? तर "तू दातांची डॉक्टर. मुळापर्यंत जायची तुला सवय." सगळे हसले. मीही हसले. तिथेच फसले.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही समोरच्याला बाकावर उभं केल्यासारखं बोलतात. बाबा गेल्यापासून घरात शेवटचा शब्द त्यांचा. पहिलाही त्यांचाच. त्यांच्या मते आपले मूळपुरुष राजदरबारात कालगणना करायचे. कुठल्या राजाच्या? "ते तू शोध."

९ जानेवारी

पणजोबांपर्यंत सगळं सुरळीत. घड्याळांचं दुकान होतं. (कालगणना!) लग्न, मुलं, मुलांच्या शाळा — सगळं सापडतं. त्याआधीचं काहीच नाही. जन्म नाही, गाव नाही, बाप नाही. जणू पणजोबा थेट दुकानाच्या गादीवरच प्रकटले.

आत्याला विचारलं. "घोड्यावरून आले." चुलतभाऊ म्हणाला, जहाजातून. संध्याकाळी आत्याचा परत फोन — घोडा जहाजात होता.

१७ जानेवारी

जुन्या नोंदींची कचेरी. खिडकीतल्या कारकुनाने बराच वेळ शोधलं. "या आडनावाची माणसं आहेत, मॅडम. पण तुमची नाहीत."

"मग कुणाची?"

"त्यांची."

म्हणजे 'ते दुसरे'. शहरात आमच्याच आडनावाचं आणखी एक घर आहे. त्यांचं टपाल चुकून आमच्याकडे आलं की काकांचा रक्तदाब वाढतो. "उचललेलं आडनाव आहे त्यांचं! कुणी विचारलं तर सांगायचं, संबंध नाही."

सांगितलं. संबंध नाही. कारकुनाने खिडकी बंद केली.

२ फेब्रुवारी

डीएनए चाचणीसाठी नळीत थुंकून पाठवलं होतं, त्याचा निकाल आला. माझे पूर्वज याच खंडातले. नवरा म्हणाला, "चला, एक शंका मिटली."

१० फेब्रुवारी

काकांनी परस्पर एक 'वंशावळतज्ज्ञ' गाठला. टाय, लॅपटॉप, मधाळ आवाज.

"आपल्याला शौर्य हवंय की विद्वत्ता?"

काका विचारात पडले. "दोन्ही नाही का होणार?"

"का नाही? विद्वत्ता मूळ घराण्यात ठेवू, शौर्य आजोळाकडून घालू. फक्त सेनापती मागू नका — या महिन्यात दोघांना देऊन झालाय."

मी चहा अर्धा टाकून उठले. दारात काकांनी गाठलं. "महिनाअखेरपर्यंत बघ. नाहीतर काम यांना देतो."

११ फेब्रुवारी

द्या! माझ्याने होत नाही.

२० फेब्रुवारी

बेकरीवाला दवाखान्यात आला होता, गालाला हात लावून. "खालची दाढ काढाच!" खालची दाढ ठणठणीत. कीड वरच्या दाढेत. तो ऐकेना — "दुखतं मला की तुम्हाला?" मी नेहमीचं पाठ केलेलं म्हणून दाखवलं: दुखतं एकीकडे, मूळ भलतीकडे असतं. दुखत्या दाढेत काही सापडलं नाही की शेजार तपासायचा.

बोलता बोलता हातातला आरसा तसाच राहिला. दीड महिना मी काय करतेय? एकट्या पणजोबांना ठोकत बसलेय! शेजार तपासलाच नाही.

शेजारी कोण? ते दुसरे.

बेकरीवाल्याची वरची दाढ भरली. काकांना काही सांगितलं नाही.

२३ फेब्रुवारी

गेले! घड्याळांच्या बाजारात, जुन्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दार एका आजींनी उघडलं. नव्वदीच्या असतील. आवाज मात्र खणखणीत. मी आडनाव सांगितलं.

"म्हणजे माझंच," म्हणाल्या. "ये. किती वर्षं लावलीत!"

मी प्रश्न विचारायच्या आधीच त्या सांगायला लागल्या.

"तुझे पणजोबा माझ्या आजोबांना या दुकानाच्या पायरीवर सापडले. एवढंसं पोर. गर्दीत आईचा हात सुटला होता. कुठून आलास विचारलं की म्हणायचे, घरून! दुसरं काही सांगताच येईना. आजोबांनी पुष्कळ शोध केला. शेवटी ठेवून घेतलं, काम शिकवलं. हातात कसब होतं, पण शाळेत काही टिकले नाहीत. मोठे झाल्यावर आजोबांनी पलीकडच्या रस्त्यावर दुकान काढून दिलं. वर आमच्याच आडनावाची जुनी पाटी ठोकली. यांना वाचता कुठे येतंय? यांना वाटे, पाटीवर 'घड्याळं दुरुस्त करून मिळतील' असं लिहिलंय!"

आजी इतक्या हसल्या की मी पाणी आणायला उठले. त्यांनी हाताला धरून बसवलं.

"गिऱ्हाइकं पाटी वाचून हाक मारायची. हे घाबरले. धावत आजोबांकडे — मालक, लोक मला तुमच्या नावाने बोलावतात! आजोबा डोळ्याला भिंग लावून बसलेले. मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, मग ओ देत जा."

बस्स. हे आमचं घराणं. दरबार नाही, घोडा नाही. मग ओ देत जा.

आजींचे भाऊ मूलबाळ नसतानाच गेले. आजींनी स्वतः लग्न केलं नाही. "आमच्यातली मी शेवटची. आता नाव चालवताय ते तुम्हीच. तुझ्या काकांना मात्र सांगू नकोस, त्रास होईल. एकदा बँकेत भेटले. मी म्हटलं, आपलं आडनाव एकच की! म्हणाले, योगायोग."

घरी येऊन अजून त्या आईचाच विचार चाललाय. त्या गर्दीत मुलाचं खरं नाव घेऊन ओरडत फिरली असेल. तिला कुणी ओ दिली नाही. आता कुठल्या कचेरीत ते नाव मिळणार?

१ मार्च

काकांना गोलमोल काहीतरी सांगायचं ठरवून गेले आणि सगळं खरं सांगून बसले.

"पुरावा?"

"नाही. आजींची आठवण."

"म्हणजे ऐकीव!"

"आणि दरबार? तो लेखी होता?"

स्वयंपाकघरात काकूंच्या हातून भांडं पडलं. हसू दाबताना पडलं असावं.

काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग अगदी लहान आवाजात — "म्हणजे मग मी कुणाचा?"

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हात धरावासा वाटला, धीर झाला नाही. तेवढ्यात ते ताडकन उठले. "मी स्वतः जातो! उलटतपासणी घेतो त्या बाईंची!"

आजींना फोन करून सावध केलं. म्हणाल्या, "येऊ दे."

३ मार्च

काका सकाळी कोट घालून गेले. दुपार झाली तरी पत्ता नाही. आत्ता काकूंचा फोन — "यांचा फोन आला होता. रात्री जेवायला थांबू नका, ताई सोडत नाहीत."

पंचाहत्तर वर्षं घरात थोरले म्हणून मिरवलेला हा माणूस. जन्मात कुणाला ताई म्हटलेलं नाही!

"तुम्ही विचारलं नाहीत, कोण ताई?"

"विचारलं की. माझ्यावरच खेकसले — कोण म्हणजे? आपल्या!"